पटवणे आणि पटणे

२१ डिसेंबर २०२२ या दिवशी सोलापूरच्या जिल्हाधिकारी कचेरीवर एक मोर्चा गेला. आपल्या शहराला मोर्चे नवे नाहीत. गिरणी कामगारांचे, विडी कामगारांचे, यंत्रमाग कामगारांचे मोर्चे पाहतच येथील पिढ्या लहानाच्या मोठ्या झाल्या. परंतु हा मोर्चा निराळा होता. नवरदेवाचा पोशाख केलेले तरुण घोड्यांवर बसून, पुढे वाजंत्री लावून निघाले होते. वरात होती, वऱ्हाडी होते. नवरी तेवढी कोठे नव्हती. ज्योती क्रांती परिषद या संघटनेने काढलेल्या या नवरदेव मोर्चाचे मागणे असे होते की, लग्नाच्या तरुणांना शासनाने मुली मिळवून द्याव्यात आणि गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या कायद्याची कडक अंमलबजावणी करावी.

मी त्या वेळी बारावीत होतो. मोर्चाची चित्रफीत मोबाईलवर आली आणि आम्ही मित्र पोट धरून हसलो. संध्याकाळी गावाकडून माझा चुलतभाऊ आला होता, त्यालाही ती दाखवली. दादा मोहोळ तालुक्यात शेती करतो. चार एकर ऊस, घरचे पाणी, व्यसन कसले नाही. तेव्हा तो ३३ वर्षांचा होता आणि पंधरा-सोळा ठिकाणी पाहण्याचे कार्यक्रम होऊनही त्याचे जमलेले नव्हते. त्याने ती चित्रफीत शेवटपर्यंत पाहिली, मोबाईल माझ्या हातात परत दिला आणि म्हणाला, "घोडं लई महाग पडलं असंल रं त्यांना." तो हसला नाही. त्या दिवसापासून मलाही त्या मोर्चाचे हसू येईनासे झाले.

मित्रहो, या विषयावर महाविद्यालयाच्या अंकात लिहावे की नाही, याचा मी बरेच दिवस विचार करीत होतो. दुष्काळ, बेकारी, स्पर्धा परीक्षा असे भारदस्त विषय सोडून प्रेम आणि लग्न यांवर काय लिहायचे, असे कोणी म्हणेल. परंतु आपल्या मनात चोवीस तास जे चालते त्याविषयी आपण चकार शब्द लिहीत नाही आणि बोलतो ते फक्त थट्टेत. आजचा तरुण मुलगा मुलीच्या सहवासाला इतका आसुसलेला असून तिच्यासमोर इतका गोंधळलेला का, हा प्रश्न थट्टेचा नाही. म्हणून हे धाडस.

नवरदेव मोर्चाने जे कारण सांगितले ते खोटे नाही. शून्य ते सहा वयाच्या दर हजार मुलांमागे महाराष्ट्रात १९९१ च्या जनगणनेत ९४६ मुली होत्या. २००१ मध्ये ९१३ उरल्या आणि २०११ मध्ये ८९४. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्राने केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. कायदा आपण आधी केला आणि मुलीही आपणच कमी केल्या. मुलगा आपल्याहून चार-सहा वर्षांनी लहान मुलगी शोधतो, हे लक्षात घेतले तर आज तिशीत असलेल्या मुलाच्या वाट्याला नेमकी ती घसरणीची वर्षे आलेली आहेत. ज्यांनी मुलगी नको म्हणून दवाखान्याच्या पायऱ्या चढल्या त्यांचीच मुले आज सून मिळेना म्हणून हिंडत आहेत. पेरले तेच उगवले आहे; फक्त पेरणारे एक आणि कापणारे दुसरे.

तथापि सारा दोष आकड्यांच्या माथी मारून मोकळे होता येत नाही. आणखी एक आकडा पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९ ते २०२१) आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी शंभरात सुमारे ४० जणींचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधीच झालेले आढळले. राज्याचे प्रमाण शंभरात २२ च्या आत-बाहेर आहे. म्हणजे ज्या जिल्ह्यात मुले मुलींसाठी मोर्चा काढतात, त्याच जिल्ह्यात नववी-दहावीतल्या मुलींना बोहल्यावर उभे केले जाते. मुलगी मिळत नाही आणि मुलगी शिकू दिली जात नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. मला वाटते, या दोहोंच्या मुळाशी एकच समजूत आहे. ती आपल्या भाषेतच स्वच्छ दिसते. आपण मुलगी 'पाहतो', मुलगी 'करतो', मुलगी 'देतो', मुलगी 'मिळते' किंवा 'मिळत नाही'. या सगळ्या वाक्यांत मुलगी ही वस्तू आहे. तिला क्रियापद नाही.

गावची गोष्ट सोडा, आपण महाविद्यालयातले सुशिक्षित, असे कोणाला वाटत असेल तर त्याने आपली बोली तपासावी. आपण मुलगी 'पाहत' नाही, आपण तिला 'पटवतो'. लाईन 'मारतो'. प्रपोजसुद्धा 'मारतो'. जणू समोर माणूस नसून झाडावरचा आंबा आहे आणि आपल्या हातात दगड आहे. आणि मराठी किती शहाणी आहे पाहा. तिने 'पटवणे' याच्या शेजारीच 'पटणे' हा शब्द ठेवलेला आहे. पटवणे हे एकाने दुसऱ्यावर करायचे काम आहे. त्यात युक्ती लागते, चिकाटी लागते, प्रसंगी खोटेही चालते. पटणे मात्र दोघांत घडते. ते घडायला वेळ लागतो, बोलणे लागते आणि समोरच्याचे ऐकून घ्यावे लागते. आपल्या पिढीतल्या मुलांचे दुखणे मी एका वाक्यात सांगेन: आम्हाला पटवायचे सगळे धडे मिळाले, पटण्याचा एकही मिळाला नाही.

हे मी कोणा परक्याविषयी लिहीत नाही. माझ्या वर्गात निम्म्याहून अधिक मुली आहेत. तीन वर्षे आम्ही एकाच खोलीत बसलो. डावीकडचे बाक त्यांचे, उजवीकडचे आमचे; मधल्या वाटेला आम्ही थट्टेने 'बॉर्डर' म्हणत असू. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत मी त्यांतल्या एकीशीही "नोट्स देतेस का?" यापलीकडे बोललेलो नव्हतो. मुलींची कमतरता माझ्या अवतीभोवती नव्हती, ओळखीची होती. आमच्याकडे मुलीला हाक मारायला दोनच मार्ग होते. एक म्हणजे 'ताई' म्हणून टाकायचे आणि सुटायचे; दुसरा, लांबून पाहायचे आणि मित्रांत बसून नको ते बोलायचे. या दोहोंच्या मधली जागा, जिला मैत्री म्हणतात, ती आमच्या नकाशातच नव्हती. 'माझा मित्र' म्हटले तर कोणी वळून पाहत नाही. 'माझी मैत्रीण' म्हटले की लगेच चार भुवया वर जातात.

याला मुलगे एकटेच जबाबदार आहेत काय? नाही. मुलगा सातवी-आठवीत गेला की घरचे म्हणतात, आता मुलींत खेळू नकोस. शाळेत शिक्षा म्हणून मुलाला मुलीच्या बाकावर बसवतात. म्हणजे तिच्या शेजारी बसणे ही शिक्षा, हे आम्ही तेथेच शिकलो. पुढे दहा-बारा वर्षे हाच पाठ चालतो आणि एके दिवशी तेच घर म्हणते, हा फोटो बघ, उद्या मुलगी पाहायला जायचे आहे. ज्याला आजवर चार वाक्ये बोलू दिली नाहीत, त्याने पाऊण तासात जन्माची जोडीदार ओळखावी अशी अपेक्षा! पोहायला न शिकवता सिद्धेश्वर तलावात ढकलून देण्यातलाच हा प्रकार.

आणि या भिंतीमागे खरी भीती जातीची आहे, हेही प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. मुलामुलींनी बोलायचे नाही, कारण बोलले तर ओळख होईल आणि ओळख झाली तर ती जात पाहून होणार नाही. आपल्या शेजारच्या, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात खर्डा येथे २०१४ साली एका शाळकरी दलित मुलाची हत्या झाली. सवर्ण मुलीशी बोलल्याच्या रागातून त्याला मारले, असा आरोप होता. २०१७ मध्ये सर्व आरोपी निर्दोष सुटले. जेथे बोलण्याची किंमत अशी मोजावी लागते, तेथे मुले लाजरी का, असे विचारणे हा ढोंगीपणा होईल.

शिकवायचे कोणी, हा प्रश्न आपल्याकडे आजचा नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते पदरमोड करून चालविले. वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना त्यांनी सरळ उत्तरे दिली, हा त्यांचा गुन्हा ठरला. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. खटला हरला. त्यानंतर सत्तर-बहात्तर वर्षांनी, २००७ साली, शाळांत किशोरवयीनांसाठी येऊ घातलेल्या लैंगिक शिक्षणाला महाराष्ट्र शासनाने बंदी केली. आजवर आपण चंद्रापर्यंत यान पाठविले, पण आपल्याच मुलांना त्यांच्याच शरीराविषयी आणि मनाविषयी चार शब्द सांगायला आपली जीभ रेटली नाही.

मोठ्यांनी मौन धरले म्हणून मुले अडाणी राहिली असे मात्र झाले नाही. रिकामी खुर्ची कोणी तरी घेतोच. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले, इंटरनेट जवळजवळ फुकट झाले आणि आमच्या वयाच्या मुलांच्या हाती सहावी-सातवीपासून तो शिक्षक आला, जो कधी रागावत नाही, कधी थांबत नाही आणि कधी खरेही सांगत नाही. स्त्रीचे शरीर आम्ही आधी पडद्यावर पाहिले. तिचे म्हणणे ऐकण्याची वेळ फार नंतर आली. त्या चित्रफितींत कोणी कोणाला काही विचारत नाही. कोणी लाजत नाही, कोणाला भीती वाटत नाही, कोणी "आज नको" म्हणत नाही. जवळीक म्हणजे केवळ एक कसरत, असा समज तेथून होतो आणि मग मुलगा दुहेरी धास्तीत सापडतो: एक, आपल्याला ही कसरत जमेल काय, आणि दुसरी, हे विचारायचे कोणाला.

त्यापुढची पायरी डेटिंग ॲपची. टिंडर २०१२ साली अमेरिकेत निघाले. आज सोलापुरातही पुष्कळ मुलांच्या मोबाईलमध्ये ते किंवा तसले दुसरे ॲप लपवून ठेवलेले असते. माझ्याही मोबाईलमध्ये ते चार महिने होते. अंगठ्याने एक चेहरा डावीकडे, एक उजवीकडे. मंडईत भाजी निवडायलाही आपण याहून जास्त वेळ घेतो. मुलांची तेथे ही गर्दी, आणि मुली मोजक्या. ज्या असतात त्या ओळखीचे कोणी पाहील म्हणून चेहरा दाखवायला भितात. चार महिन्यांत मला एकीनेही उत्तर दिले नाही. आता शांतपणे विचार केला की वाटते, तिने उत्तर द्यावे असे मी तरी काय लिहिले होते? "हाय." यापुढे माझ्याजवळ वाक्यच नव्हते.

दादाचे आणि माझे दुखणे येथे एक होते. त्याच्या एका पाहण्याच्या कार्यक्रमाला मी सोबत गेलो होतो. मुलगी परिचारिकेचे शिक्षण घेतलेली, पुण्यात एका दवाखान्यात नोकरीला. पोहे झाले, चहा झाला, मग रिवाजाप्रमाणे दोघांना गच्चीवर बोलायला पाठविले. परत येताना जीपमध्ये दादा गप्प होता. काकूंनी विचारले, "काय म्हनली रं पोरगी?" दादा म्हणाला, "ती म्हनली, तुम्हाला राग आला की तुम्ही काय करता?" "मग तू काय सांगितलंस?" "काय सांगू? आजपतूर कुनी इचारलंच नव्हतं."

नकार आला. काकू म्हणाल्या, शिकलेल्या पोरींना डोके फार असते. गावातल्या पारावरही हेच ऐकू येते: मुलींच्या अपेक्षा वाढल्या, त्यांना शेतकरी नको, शहर पाहिजे, नोकरी पाहिजे. यातही काही तथ्य आहे. पण मुलगी शेतकऱ्याला नाही म्हणते तेव्हा ती कशाला नाही म्हणते? पहाटे उठून शेण-पाणी करणाऱ्या, दिवसभर रानात राबणाऱ्या, रात्री सगळ्यांच्या मागून जेवणाऱ्या आपल्या आईला तिने पाहिलेले असते. सातबाऱ्यावर त्या आईचे नाव नसते, हेही तिला ठाऊक असते. ती त्या मुलाला नाकारीत नाही. आईचा जन्म पुन्हा जगायला नाकारते. "तुम्हाला राग आला की काय करता?" हा प्रश्न चोचल्यांचा नव्हता. ज्या घरात जन्म काढायचा तेथे आपल्यावर हात उगारला जाईल की नाही, एवढेच तिला जाणून घ्यायचे होते. आमच्या आईने, आजीने हा प्रश्न मनात ठेवला. हिने तो विचारला. मुलींना डोके आजच फुटले नाही, वाचा आज फुटली आहे. आणि आमच्याजवळ द्यायला काय आहे? उंची, रंग, जात, एकर आणि पगार लिहिलेला बायोडाटा. 'तू माणूस कसा आहेस' या प्रश्नाचा रकाना त्यात नाही.

येथे नकाराविषयी लिहिणे भाग आहे. ज्याला फक्त पटवणे ठाऊक, त्याला नकार हा पराभव वाटतो. आणि पराभव पचविण्याचे शिक्षण पुरुषाला दिलेले नसते. सिनेमानेही त्याला हेच शिकविले की ती नाही म्हणाली तर मागे लागत राहा, शेवटी ती हो म्हणेल. याची परिणती कोठे होते, ते महाराष्ट्राने पाहिले आहे. १९९० मध्ये उल्हासनगर येथे दहावीच्या परीक्षेच्या वर्गात एका मुलीला जाळण्यात आले. तीस वर्षांनी, ३ फेब्रुवारी २०२० रोजी, हिंगणघाट येथे कामावर निघालेल्या एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटविण्यात आले; आठवड्याने तिचा मृत्यू झाला. दोन्ही वेळी वर्तमानपत्रांनी 'एकतर्फी प्रेम' असा शब्द वापरला. प्रेम एकतर्फी असू शकते. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. आपल्यांतल्या किती तरी जणांनी ते केले आहे आणि गुपचूप गिळले आहे. परंतु जो जाळतो तो प्रेम करीत नाही. त्याने फक्त मालकी मागितलेली असते.

हे सारे आपल्याला दूरचे वाटू नये म्हणून मी आपल्याच गावातल्या एका जागेची आठवण करून देतो. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांच्या यात्रेत आपण सारे सोलापूरकर पांढरी बाराबंदी घालून संमती कट्ट्यापाशी अक्षता टाकायला जमतो. कथा लहानथोरांना ठाऊक आहे. कुंभाराच्या मुलीने सिद्धरामांशी विवाहाची इच्छा बोलून दाखविली. ते योगी; त्यांनी नाही म्हटले, पण तिच्या श्रद्धेचा मान राखून आपल्या योगदंडाशी विवाहाला अनुमती दिली. लहानपणापासून मी ही कथा ऐकत आलो, पण तिच्याकडे नीट पाहिले ते यंदाच्या यात्रेत. या कथेत मुलगी आपली इच्छा स्वतः सांगते आणि तिला कोणी निर्लज्ज म्हणत नाही. समोरचा नाही म्हणतो आणि त्या नाहीत तिचा अपमान नसतो. ती त्याचे नाही ऐकून घेते. आणि विधीतही अक्षता नंतर पडतात. आधी संमतीचे वाचन होते. ज्या गावाच्या दैवताच्या लग्नात कट्ट्याला संमतीचे नाव आहे, त्या गावच्या मुलांना संमती म्हणजे काय हे इंग्रजी पुस्तकातून शिकायला नको.

आता थोडे स्वतःविषयी सांगतो. ते सांगितल्याशिवाय या लेखाला अर्थ नाही. गेल्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर एका खेड्यात झाले. माझी नेमणूक स्वयंपाकाच्या गटात झाली. तीन मुले, तीन मुली. मला भाकरी थापता येत नव्हती. वर्गातल्या एका मुलीने पीठ कसे मळायचे, हाताला पाणी किती लावायचे, ते दाखविले. तीन दिवस माझ्या भाकरीचा नकाशाच होत होता. चौथ्या दिवशी एक फुगली आणि साऱ्यांनी टाळ्या वाजविल्या. त्या चुलीपाशी आम्ही बोलू लागलो. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळते. हीसुद्धा सकाळी तासिकेला येण्याआधी आणि रात्री अभ्यास झाल्यावर विड्या वळते, कारण मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते आणि आईच्या एकटीच्या हातून तेवढ्या होत नाहीत, हे मला तेथे समजले. दोन वर्षे मी तिच्यापासून दहा फुटांवर बसत होतो. ती पहिल्या तासाला पेंगते म्हणून आम्ही हसत होतो.

शिबिरात आम्ही कशाकशावर बोललो! भीती कशाची वाटते, घरी कोणाशी पटत नाही, बी. एड. करायचे की लगेच नोकरी धरायची. माझे वडील माझ्याशी पैशांखेरीज कशावरही बोलत नाहीत, हे मी माझ्या जिवलग मित्रालाही कधी सांगितले नव्हते, तिला सांगितले. आणि मला जाणवले की जवळीक म्हणतात ती हीच. आपण जसे आहोत तसे दुसऱ्याला दिसू देणे आणि त्याने त्याचा गैरफायदा न घेणे. शरीराची जवळीक याच्या नंतरची आणि याच्यावरच उभी राहणारी गोष्ट आहे.

परत आल्यावर पहिल्याच दिवशी कॅन्टीनमध्ये मित्रांनी विचारले, "काय, पटली का?" मी नाही म्हणू शकलो असतो. "असे काही नाही, ती माझी मैत्रीण आहे," एवढे म्हणू शकलो असतो. मी नुसता हसलो. त्या हसण्याचा जो अर्थ घ्यायचा तो साऱ्यांनी घेतला. दोन दिवसांत तो अर्थ डावीकडच्या बाकांपर्यंत पोहोचला. ती महिनाभर माझ्याशी बोलली नाही. कोणी तरी तिच्या घरीही कळविले आणि काही दिवस तिचे महाविद्यालय बंद होते. माझ्या एका हसण्याने तिचे शिक्षण थांबले असते. मी माफी मागितली. ती म्हणाली, "तुला नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. तेवढंही जमलं नाही?" त्या प्रश्नाला माझ्याजवळ आजही उत्तर नाही. आता आम्ही बोलतो. पण चुलीपाशी बोललो तसे पुन्हा बोललो नाही.

मला वाटते, आपली खरी अडचण येथे आहे. मुलगा मुलीला घाबरतो, त्याहून जास्त तो मुलांना घाबरतो. चार मित्रांत आपण हलके ठरू नये म्हणून तो आपल्याला जे सर्वांत मोलाचे वाटते त्याचीच थट्टा करतो. मुलगे एकमेकांशी तरी कोठे मन मोकळे करतात? रडू आले तर 'बाईसारखा रडतो' म्हणून ऐकावे लागते. ज्याने मित्राजवळ कधी "मला एकटे वाटते" असे म्हटले नाही, तो बायकोजवळ काय म्हणणार?

आपल्या सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव आपण सेवा आणि त्याग यांसाठी घेतो. १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, ३२ व्या वर्षी, तेथेच वारले. परंतु त्या चार वर्षांत त्यांनी आणखी एक गोष्ट केली. ते चिनी भाषा शिकले. परिचर्या शिकविणाऱ्या ग्वो चिंगलान यांच्याबरोबर त्यांनी काम केले आणि १९४१ मध्ये त्यांच्याशी विवाह केला. देश निराळा, अन्न निराळे, भोवती युद्ध. तरी त्यांचे पटले. कारण त्यांनी समोरच्या माणसाची भाषा शिकण्याची मेहनत घेतली होती. आपल्याला तर चिनी शिकायची नाही. पलीकडच्या बाकावर मराठीच बोलली जाते.

मग करायचे काय? शासनाने मुली वाटाव्यात, या मागणीने काही होणार नाही. मुलगी हे रेशनचे धान्य नाही. मुलींना जन्मू द्या, शिकू द्या, अठराच्या आत त्यांचे लग्न लावू नका, जमिनीवर सुनेचे नाव लावा. मोर्चा काढायचाच तर यासाठी काढावा. प्राध्यापकांना माझी नम्र विनंती आहे की, मुले-मुली बोलताना दिसली की लगेच संशय घेऊ नये. भित्तिपत्रक, नाटक, शिबिर, वादविवाद यांत त्यांना बरोबरीने काम द्यावे. हातात काम असले की बोलणे आपोआप सुरू होते. गडचिरोलीला डॉ. राणी बंग यांनी 'तारुण्यभान' या नावाने मुलामुलींशी या विषयावर मोकळा संवाद केला. मुंबईत १९९३ साली सुरू झालेली 'मावा' ही पुरुषांची संस्था तरुण मुलांना याच प्रश्नांवर बोलते करते. असे एखादे शिबिर आपल्या महाविद्यालयात का होऊ नये?

आणि माझ्या मित्रांनो, तुम्हाला सांगण्याचा अधिकार मला नाही, हे कबूल करूनच सांगतो. पुढच्या वेळी कोणी "पटली का?" असे विचारील, तेव्हा हसू नका.

दादा आज ३६ वर्षांचा आहे. अजून लग्न झालेले नाही. गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा काकूंचे गुडघे धरले होते आणि दादा चुलीपुढे बसून भाकरी थापीत होता. शेजारच्या बायका हसतात, असे काकू म्हणाल्या. मी जवळ जाऊन बसलो आणि विचारले, "दादा, त्या पोरीच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं का रे?" तो बराच वेळ काही बोलला नाही. तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाला, "मी गप बसतो. लई दिवस गप बसतो. ते चुकतंय, एवढं आता कळाय लागलंय." घोड्यावर न बसता, वाजंत्री न लावता, एक माणूस स्वतःविषयी एक खरे वाक्य बोलला होता. ते ऐकायला ती मुलगी तेथे नव्हती, याचे मात्र वाईट वाटले.